गाडीची ताकद मधूनच का जाते?

चढावर गाडी अचानक ओढेनाशी होते, इंजिनाचा दिवा लागतो. बंद करून पुन्हा सुरू केली की सारे सुरळीत. असा अधूनमधून येणारा दोष पुष्कळदा वायरिंगचा असतो. आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरच्या पेडलला सहसा दोन सेन्सर असतात. त्यांचे व्होल्टेज ठरलेल्या प्रमाणात जुळले नाही, की ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) सुरक्षेसाठी ताकद कमी करतो.

स्कॅनरवर पी २१३८ हा कोड दिसला म्हणून लगेच पेडल बदलणे चूक. कोड एवढेच सांगतो की व्होल्टेज जुळत नाही. दोषाचे मूळ सैल पिनमध्ये, गंजलेल्या कपलरमध्ये किंवा घासलेल्या वायरीतही असू शकते. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम पाहावी. दोष उमटला तेव्हाचा वेग आणि इंजिनाचे तापमान त्यात नोंदलेले असते, आणि ही मोलाची नोंद घाईत पुसली जाते. मग इग्निशन चालू ठेवून, स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे आकडे पाहत, कपलरजवळची वायरिंग हळूहळू हलवावी. आकडा जिथे उडतो, तिथेच दोष शोधावा.

वायरिंगबरोबर अर्थिंगही पाहावे, मात्र ते विजेचा भार असतानाच तपासावे. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी ओहमचे माप चांगलेच दिसते. भार असताना अर्थच्या बाजूला साधारण ०.१ व्होल्टपेक्षा जास्त घट आढळली, तर जोड उघडून साफ करावा.