गारपिटीनंतरचे झाड



शताब्दीच्या व्यासपीठावरून मराठीच्या अध्यापकाने झाडांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आदिलाबादचा माणूस सागाच्या शेजारानेच वाढतो, आणि आपली ग्रंथसंपदा ज्या कपाटांनी सांभाळली, तीही सागवानीच आहेत. त्यांच्या फळ्यांवर गाठी दिसतात. फांदीचा बुडखा खोडाच्या नव्या लाकडात गाडला गेला, की गाठ होते. त्या गाठींनीच मला आजचा विषय दिला.

माझ्या शाळकरी वयात पैनगंगेकाठच्या आमच्या शेतावर चैत्रात गारपीट झाली. बांधावरच्या मोहाच्या फांद्या मोडल्या. गारा ज्या दिशेने आल्या, त्या अंगाची साल सोलली गेली. झाड आता जळणाचेच, असे सर्वांनी ठरविले. दरवर्षी फुले वेचावयास येणारी गोंड आजी तेवढी वडिलांना म्हणाली, "मालक, दोन पावसाळे थांबा." वडील थांबले. पहिल्याच पावसाळ्यात उघड्या फांद्यांवर साल फोडून फुटवे आले, आणि काही वर्षांनी बांधाखाली पुन्हा फुलांचा सडा पडू लागला.

हे घडते कसे? सालीखाली अनेक डोळे वर्षानुवर्षे निजलेले असतात. शेंडा मोडला, आत उजेड आला, की ते जागे होतात. मुळांत आणि खोडात साठलेले पिष्ट त्यांना पोसते. साग, मोह, पळस यांच्यात ही शक्ती भरपूर आहे. बहुतेक सूचिपर्णी वृक्षांत ती नसते. १९९८ च्या जानेवारीत कॅनडाच्या क्युबेक प्रांतात व ईशान्य अमेरिकेत गोठत्या पावसाने झाडांवर बर्फाचे जड कवच चढले आणि असंख्य फांद्या मोडल्या. तेथे असे आढळले, की निम्म्याहून कमी पर्णसंभार गमावलेली रुंदपर्णी झाडे बहुधा तगतात. तीन चतुर्थांशांहून अधिक गेला, तर आशा थोडी.

मात्र झाडाची जखम आपल्या जखमेसारखी बरी होत नाही. अमेरिकन वनशास्त्रज्ञ आलेक्स शायगो यांनी कित्येक झाडे चिरून दाखविले, की झाड दुखावलेला भाग आत कोंडते आणि भोवती नवे लाकूड वाढविते. आमच्या मोहाची एक फांदी पुढे पोकळ होऊन पडली. आजीचे म्हणणे खरे ठरले. पण झाड पूर्वीसारखे झाले नाही, हेही खरेच.

३१ ऑगस्ट २०२४ रोजी मुलुगू जिल्ह्यातील ताडवाईच्या जंगलात वादळाने हजारो झाडे आडवी केली. मुळांसकट उपटलेल्यांचा इलाज नसतो, मोडलेल्यांचा असतो. तेव्हा आपल्या शिवारात असा प्रसंग आला, तर घाईने कुऱ्हाड उचलू नये. नखाने साल खरवडून पाहावी; आत हिरवे असेल, तर वाट पाहावी. लोंबती फांदी तिच्या बुडाशी असलेला फुगवटा राखून कापावी. जखमेवर डांबर फासू नये. कोवळ्या फुटव्यांना दोन-तीन वर्षे गुरे आणि उन्हाळ्यातील वणवा यांपासून जपावे. वादळातून वाचलेले झाड पुष्कळदा या दोहोंमुळे मरते.

१९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत किनवट व राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून पलीकडे गेले, आपण येथे राहिलो. या ग्रंथालयाचेही काही वाचक तेव्हा दुरावले. ती फांदी परत आली नाही. तरी येथे मराठी वाचणारी नवी पिढी फुटत राहिली. सुतार गाठीला लाकडाचा दोष म्हणतो. मला मात्र या कपाटांसमोर उभे राहिले, की वाटते, येथे काही तुटले होते आणि झाड त्यानंतरही वाढत राहिले.