घड्याळ लावून त्रिकोणमिती
(शिक्षक मेळाव्यातील भाषण)



माध्यमिक शाळेतील मुलांसाठी त्रिकोणमितीची वेळ लावून स्पर्धा कशी घ्यावी, यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. नववी-दहावीची मुले या विषयाला बिचकतात, म्हणून कल्पना स्तुत्य आहे. परंतु मुलांना गोडी लागेल की कायमची धास्ती बसेल, हे आपण घड्याळ कसे लावतो यावर ठरेल.

स्पर्धा म्हटली की आपण तीस मिनिटांत पन्नास प्रश्न देतो. साइन ३०° किती, टॅन ४५° किती? असा पेपर कोष्टक पाठ करणारा जिंकतो. आधी आकृती काढून विचार करणारा मागे पडतो आणि ‘मला गणित येत नाही’ असे मनाशी धरून बसतो. वास्तविक विषय त्यालाच कळलेला असतो. १९९६ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड झाले. त्या स्पर्धेत दोन दिवस, रोज साडेचार तासांत अवघी तीन गणिते असतात. म्हणजे एका गणितास दीड तास! जगातील निवडक मुलांना इतका अवधी, तर आपल्या मुलांना अर्ध्या मिनिटाची घाई कशासाठी?

माझी सूचना अशी की स्पर्धेचे तीन भाग करावेत.

पहिला भाग, दहा मिनिटांत दहा छोटे प्रश्न. त्यांतही पारख हवी. उदाहरणार्थ, साइन ३०° अधिक साइन ६०° बरोबर साइन ९०°, हे खरे की खोटे? बेरीज १.३६६ येते, आणि साइनची किंमत १ पेक्षा अधिक होतच नाही.

दुसरा भाग, पाऊण तासात तीन शाब्दिक गणिते. प्रश्न आपल्या परिसरातले असावेत. अकोले तालुक्यातील कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. समजा, समुद्रसपाटीपासून ७४६ मीटर उंचीवर उभे राहून शिखराचा उन्नत कोन ३०° दिसला, तर शिखर आडव्या रेषेत किती दूर? घाई करणारा १६४६ लाच √३ ने गुणतो. आकृती काढणारा आधी ७४६ वजा करतो आणि ९००√३, म्हणजे सुमारे १५५९ मीटर, हे उत्तर काढतो. म्हणून आकृतीला स्वतंत्र गुण ठेवावेत.

तिसरा भाग मैदानावर, तिघांच्या गटाने. कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधलेला खडा, एवढ्यावर ध्वजस्तंभाची किंवा झाडाची उंची मोजता येते. २० मीटर अंतरावरून कोन ३०° आला आणि डोळ्याची उंची १.४ मीटर असली, तर उंची सुमारे १२.९५ मीटर. कोन एका अंशाने चुकला तर उत्तर जवळजवळ अर्ध्या मीटरने बदलते. अशा वेळी दोनदा मोजण्याची गरज मुलांना आपोआप पटते.

वेळ ठरवताना शिक्षकाने पेपर स्वतः सर्व पायऱ्यांसह सोडवावा आणि लागेल त्याच्या तिप्पट वेळ मुलांना द्यावा. लवकर पेपर देणाऱ्यास जादा गुण नकोत. दोघांचे गुण समान झाले तर घड्याळ न पाहता पायऱ्या पाहाव्यात. अर्धा वेळ झाल्यावर आणि शेवटची पाच मिनिटे उरल्यावर घंटा द्यावी; ही पाच मिनिटे फक्त पडताळ्यासाठी.

मित्रहो, ही विद्या सबुरीनेच वाढली आहे. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटांनी ज्यांचे कोष्टक दिले. ‘ज्या’, ‘जीवा’ हे शब्द अरबीत गेले, तेथून लॅटिनमध्ये ‘सायनस’ झाले आणि आज ‘साइन’ म्हणून आपल्या वर्गात परत आले. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने पंजाबातील नंदना येथे डोंगराची उंची मोजली, माथ्यावरून क्षितिजाचा अवनत कोन घेतला आणि पृथ्वीची त्रिज्या काढली. एका अंशाच्या छोट्या भागावर सारे अवलंबून होते. तेथे घाई चाललीच नसती.

स्पर्धेला खर्च फारसा नाही. प्रत्येक शाळेने आधी एका वर्गात घ्यावी, मग आपण सर्व शाळांची मिळून घेऊ. शेवटची घंटा होईल तेव्हा एखाद्या मुलीची आकृती बरोबर आणि उत्तर अपुरे असेल. तिला तिच्या विचाराचे गुण मिळतील एवढी व्यवस्था आपण करावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.