छऱ्याची बंदूक आणि आपली मुले



कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक मिळविले. ती रायफल काडतुसाची. पण या खेळाचा श्रीगणेशा मुले बहुधा छऱ्याच्या, म्हणजे हवेच्या, बंदुकीने करतात. मुलाने किंवा मुलीने ती मागितली तर काय करावे, हा प्रश्न आता पुष्कळ आईबापांपुढे आहे.

आईबाप दोन तऱ्हेचे. एकांना बंदुकीचे नावही घरात नको. दुसरे म्हणतात, 'हवेचीच तर आहे! जत्रेत फुगे फोडतात तसली.' आम्हांला भीती वाटते ती या दुसऱ्यांची. नेमबाजीच्या बंदुकीतून साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो. तो दारूने उडाला की हवेने, याची चौकशी डोळा करीत बसत नाही. अशा कमी जोराच्या बंदुकीला आपल्याकडे परवाना लागत नाही, हे खरे. पण म्हणून ती खेळणे ठरत नाही. सरकारने न केलेली चौकशी घराने करावयाची, एवढाच त्याचा अर्थ.

चांगल्या शिक्षकाकडे पहिल्या दिवशी छर्रा हाती मिळतच नाही. बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजावयाची. नळीचे तोंड सदैव निशाणाकडे. नेम धरला जाईपर्यंत बोट चापाबाहेर. काम संपले की नळीत रंगीत दोरा घालून ती रिकामी असल्याचे सर्वांना दिसू द्यावयाचे. आणि 'थांबा' म्हटले की तत्क्षणी थांबावयाचे. मुले कंटाळतात. मग काही शिक्षक आईबापांना खूश ठेवण्यासाठी दुसऱ्याच दिवशी छऱ्यांची डबी पुढे करतात. नियम म्हणजे जेवणापूर्वीची चित्राहुती, एकदा उरकली की झाले, अशी त्यांची समजूत दिसते.

वस्तुतः नियम हाच खेळ आहे. १० मीटरवरच्या निशाणाचा मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याहून लहान. मोठ्या स्पर्धेत ६० छर्रे आणि ७५ मिनिटे. एकेका छऱ्याला सव्वा मिनिट. एवढा वेळ कशाला? श्वास थोडा सोडून रोखला, पण हात डळमळला, तर बंदूक खाली घ्यावी आणि पुन्हा मांडावी, यासाठी. जे बोट पहिल्या दिवशी चापाबाहेर राहावयास शिकले, तेच या क्षणी न दाबता थांबू शकते.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. अर्जुनाला दिसलेला पक्ष्याचा डोळा आपल्या ध्यानात राहतो. पण त्याआधी युधिष्ठिरापासून एकेकाला बाण न सोडताच बाजूला व्हावे लागले, हे कोणी सांगत नाही. आणि तो पक्षी जिवंत नव्हता, कारागिरांकडून घडवून घेतलेला होता! गच्चीवरून पोपटांवर नेम धरणाऱ्या चिरंजीवांच्या वडिलांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

घरी बंदूक कुलपात, छर्रे दुसरीकडे, किल्ली वडीलधाऱ्यांजवळ. अंगणातल्या भिंतीवर छर्रा मारू देऊ नये, तो उलटून येतो. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्यावाचून खाऊ नाही.

आणि मुलाचे नाव घालावयास जाल तेव्हा भिंतीवरची पदके मागाहून पाहा. विश्रांती घेणाऱ्या मुलांच्या बंदुकांची तोंडे कोणीकडे आहेत, ते आधी पाहा. एक जरी बाकाकडे वळलेली दिसली, तर मुलाला घेऊन घरी या.