वनस्पती तूप आणि डॉ. फ्रेड कुमेरो



१९८३ साली वनस्पती तुपात जनावरांच्या चरबीची भेसळ उघडकीस आली, तेव्हा देशभर केवढा क्षोभ उसळला होता, हे येथील ज्येष्ठांना स्मरत असेल. चरबीविरहित, शुद्ध वनस्पती तूप मात्र निर्दोष, असेच बहुतेकांनी गृहीत धरले होते. त्या शुद्ध तुपातही दोष आहे, हे अमेरिकेतील एक संशोधक त्यापूर्वी सव्वीस वर्षांपासून सांगत होते. ते म्हणजे डॉ. फ्रेड कुमेरो.

त्यांचा जन्म १९१४ साली बर्लिन येथे झाला. बालपणीच ते आईवडिलांसमवेत अमेरिकेत मिलवॉकी येथे आले. घरची परिस्थिती बेताची. बाराव्या वर्षी भेट मिळालेल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगपेटीने त्यांच्या आयुष्याला दिशा दिली. मक्यावर गुजराण करणाऱ्या गोरगरिबांना होणाऱ्या पेलाग्रा या रोगावर त्यांनी आरंभी काम केले आणि १९५० मध्ये ते इलिनॉय विद्यापीठात रुजू झाले.

पातळ तेल तापवून, निकेल धातूच्या सान्निध्यात त्यात हायड्रोजन वायू सोडला की ते थिजते. माल स्वस्त पडतो, लवकर खवट होत नाही. व्यापाराच्या दृष्टीने सोन्यासारखी वस्तू! परंतु या क्रियेत तेलातील काही रेणूंचा नैसर्गिक बाक जाऊन ते सरळ होतात. हेच ट्रान्स फॅट. मृत व्यक्तींच्या शरीरातील ऊतींची तपासणी करून, हे मेद शरीरात साठून राहतात, असे कुमेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

त्या काळी वैद्यकजगताचा सारा रोख लोणी व अंडी यांवर होता. लोण्याऐवजी मार्गारीन खा, असे सांगितले जाई, आणि त्या मार्गारीनमध्येच ट्रान्स फॅट असे. कुमेरोंचे म्हणणे अनेक वर्षे उपेक्षित राहिले. पुढे १९९० मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले, की ट्रान्स फॅटमुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. कुमेरो स्वतः अंडी खात, अंड्यांचे समर्थनही करीत आणि त्यांचे काही प्रयोग प्राण्यांवर झाले. जैन श्रावकाला हे मान्य होणारे नाही, आणि व्हावे असेही नाही. तथापि ट्रान्स फॅटविषयी त्यांनी मांडलेले सत्य त्यामुळे उणे ठरत नाही. कोणत्याही वस्तूकडे एकाच बाजूने पाहू नये, ही शिकवण तर घरचीच आहे.

२००९ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे ट्रान्स फॅटवर बंदी घालण्यासाठी रीतसर अर्ज केला. नियमाप्रमाणे १८० दिवसांत उत्तर यावयास हवे होते. चार वर्षे लोटली, तरी निर्णय आला नाही. मग २०१३ मध्ये, नव्व्याण्णवावे वर्ष चालू असताना, या वृद्ध गृहस्थांनी थेट शासनावर दावा गुदरला! सरकारी कचेरीत चार खेटे घालून हात टेकणाऱ्यांनी क्षणभर हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. त्याच वर्षी प्रशासनाने आपले प्राथमिक मत दिले आणि जून २०१५ मध्ये, अंशतः हायड्रोजन मिसळलेली तेले अन्नात सुरक्षित मानता येत नाहीत, असा अंतिम निर्णय जाहीर केला. उत्पादकांना तीन वर्षांची मुदत देण्यात आली.

३१ मे २०१७ रोजी, १०२ वर्षांचे असताना, कुमेरो यांचे निधन झाले. मुदत संपण्यास तेव्हा एक वर्ष उरले होते.

भारतात तेले, वनस्पती आणि मार्गारीन यांतील ट्रान्स फॅटची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली. जानेवारी २०२१ मध्ये ती तीन टक्के झाली आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के. मर्यादा मालावर आहे, कढईवर नाही. तेच तेल पुनःपुन्हा तापविले की त्यात ट्रान्स फॅट वाढू शकते. पर्युषणानंतरच्या पारण्यासाठी आणि स्वामीवात्सल्यासाठी तळण काढणाऱ्या आचाऱ्याला एवढे मात्र अवश्य सांगून ठेवावे.