व्यसनमुक्तीचें दार व एड्सचें निवारण

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त चिपळूण येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या प्रसंगीं वक्त्यानें गोड विषय निवडावा, असा शिष्टाचार आहे. मी आज जो विषय घेऊन उभा आहें, तो गोड नाहीं. परंतु ज्या धर्मग्रामानें इतकीं वर्षें आपल्या लेकरांचे बाप्तिस्मे व विवाह साजरे केले, त्यानें अशा दिवशीं आपल्या वाट चुकलेल्या लेकरांचीही आठवण ठेवावी, हें मला उचित वाटतें. मादक द्रव्यांचें व्यसन आणि त्यामागोमाग येणारा एच्. आय्. व्ही. चा संसर्ग, या दोहोंची सांखळी कशी तोडतां येते, याविषयीं शास्त्रज्ञांनीं जें शोधून काढलें आहे, तें आपणांपुढें साध्या शब्दांत मांडण्याचा माझा हेतु आहे.

कोणी म्हणेल, चिपळुणास याचें काय? वाशिष्ठीच्या कांठीं दारूचें व्यसन परिचयाचें आहे. सुईचें व्यसन पुष्कळांस केवळ ऐकून ठाऊक. पण आपल्या कोंकणांतील किती घरें अशीं सांपडतील, कीं ज्यांचा मुलगा, भाऊ किंवा पुतण्या मुंबईस नाहीं? १९८० नंतरच्या दशकांत ‘ब्राऊन शुगर’ या नांवाची अशुद्ध हेरॉइन मुंबई-पुण्यांत पसरली. आरंभीं ती धुरावाटें ओढली जाई. पुढें कांहीं व्यसनी औषधांचीं इंजेक्शनें शिरेंत टोचून घेऊं लागले. एकच सुई चार जणांत फिरूं लागली, म्हणजे एकाचें रक्त दुसऱ्याच्या शरीरांत जातें आणि त्याबरोबर विषाणूही जातो. याचा वेग किती भयंकर असूं शकतो, हें मणिपुरांत दिसून आलें. तेथें सुईच्या व्यसनींमध्यें १९८९ सालीं प्रथम हा संसर्ग आढळला, आणि पुढील वर्षाच्या मध्यापर्यंत तपासलेल्यांपैकीं सुमारें निम्म्यांस तो झालेला होता. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणींतही देशांतील सुईच्या व्यसनींत शंभरांपैकीं सुमारें सहा जण संसर्गित आढळले. सर्वसाधारण प्रौढांत हेंच प्रमाण हजारीं दोनच्या आसपास होतें.

आपल्या महाराष्ट्रानें या संकटापुढें हात टेकले नाहींत. १९८१ सालीं फादर ज्यो परेरा यांनीं वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्यें ‘कृपा फाउंडेशन’ चा आरंभ केला. पुढें तिच्या कार्यांत एच्. आय्. व्ही. बाधितांची सेवाही आली. १९८६ सालीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट या दांपत्यानें पुण्यास ‘मुक्तांगण’ उभें केलें. मुंबईंतील ‘संकल्प’ ही संस्था तर रस्त्यावर पडलेल्या, घरच्यांनींही टाकलेल्या व्यसनींपर्यंत जाऊन पोंचली.

आतां संशोधनाकडे वळूं. पहिला प्रश्न असा, कीं व्यसनावरील उपचार हाच एड्सचा प्रतिबंध ठरतो काय? अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं २५५ व्यसनींवर १८ महिने लक्ष ठेवण्यांत आलें. त्याचा वृत्तांत १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं जण मेथाडोन हें तोंडावाटें द्यावयाचें औषध घेत होते. हें औषध तलफ शमवितें व सुईची गरज कमी करतें. कांहीं जण उपचाराबाहेर होते. आरंभीं ज्यांचें रक्त निर्दोष होतें, त्यांपैकीं उपचारांत टिकून राहिलेल्यांत ३.५ टक्के लोकांस संसर्ग झाला, आणि बाहेरच राहिलेल्यांत २२ टक्के लोकांस! हे दोन्ही गट सर्व बाबतींत सारखेच होते, असें म्हणतां येणार नाहीं. म्हणून एकाच अभ्यासावर विसंबणें योग्य नव्हे. परंतु २०१२ सालीं अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हांही अशा उपचारानें संसर्गाचा धोका सुमारें ५४ टक्क्यांनीं घटलेला आढळला. भारतांत याच कामीं जिभेखालीं ठेवण्याची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात, आणि २००७ नंतर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमानें तिला आपल्या योजनेंत स्थान दिलें.

दुसरा प्रश्न रक्ताच्या चाचणीचा. अमेरिकेंतील १२ व्यसनमुक्ति केंद्रांतून १,२८१ व्यक्तींवर एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१२ सालीं बाहेर आला. कांहींस दुसऱ्या ठिकाणीं जाऊन चाचणी करून घेण्याचा सल्ला देण्यांत आला, तर कांहींस तेथल्या तेथेंच चाचणी देऊं केली. दुसऱ्या प्रकारांत चाचणीचा निकाल हातीं पडणाऱ्यांचें प्रमाण चौपटीहून अधिक झालें. चाचणीबरोबर केलेल्या दीर्घ उपदेशानें मात्र वर्तनांत निराळा फरक पडलेला दिसला नाहीं. उपदेश करणें हाच ज्यांचा धर्म, त्या आम्हां पाद्री लोकांनीं यावरून कांहीं शिकण्याजोगें आहे!

तिसरा प्रयोग बँकॉकचा. तेथील १७ उपचार केंद्रांतून आलेल्या २,४१३ व्यसनींपैकीं निम्म्यांस टेनोफोविरची रोजची गोळी दिली व निम्म्यांस औषधरहित गोळी. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें खऱ्या गोळीनें संसर्ग जवळजवळ निम्म्यानें घटला.

येथें एक नाजूक प्रश्न उद्भवतो, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. व्यसनीस स्वच्छ सुई देणें, अथवा एका मादक औषधाच्या जागीं दुसरें देणें, म्हणजे त्याच्या व्यसनास हातभार लावणें नव्हे काय? यावर धर्मनीतीच्या जाणत्यांतही एकमत नाहीं. व्यसन हें बंधनच आहे आणि त्यांतून पूर्ण सुटका हेंच ध्येय, याविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं. परंतु शोमरोनी मनुष्यानें वाटेवर पडलेल्या जखमी माणसास, “तूं या धोक्याच्या वाटेनें कां आलास?” असें विचारीत वेळ दवडला नाहीं, प्रथम त्याच्या जखमा बांधल्या. जो आज जिवंत राहील, तोच उद्यां व्यसन सोडील. उपचार चालू असतांना एखादा पुन्हा घसरला, म्हणून त्यास केंद्राबाहेर काढणें म्हणजे त्यास पुन्हा त्या उष्ट्या सुईकडे लोटणें होय. टिकून राहण्यांतच त्याचें संरक्षण आहे, हें फिलाडेल्फियाच्या आंकड्यांनीं आपणांस सांगितलें.

मग केंद्रें उघडलीं, म्हणजे काम संपलें काय? चेन्नईच्या ‘वाय्. आर्. जी. केअर’ या संस्थेनें अमेरिकन संशोधकांच्या साह्यानें भारतांतील २२ ठिकाणीं एक मोठा प्रयोग केला. त्यांपैकीं १२ ठिकाणें सुईच्या व्यसनींसाठीं निवडलेलीं होतीं. निम्म्या ठिकाणीं चाचणी, प्रतिबंध व उपचार एकाच छपराखालीं आणिले. २०१९ सालीं निष्कर्ष आला, तेव्हां एकंदर वस्तींत चाचणीचें प्रमाण निश्चयानें वाढलें, असें सिद्ध झालें नाहीं. परंतु जे प्रत्यक्ष त्या केंद्रांत गेले होते, त्यांच्यांत तें पुष्कळच अधिक आढळलें. अर्थ उघड आहे. दार उघडें असलें, तरी माणसानें उंबरठा ओलांडला पाहिजे. आणि लाज, भय व घरच्यांचा तिरस्कार हीं तीन त्याचे पाय मागें ओढतात.

बंधुभगिनींनो, हें काम कोणत्याही संशोधकाच्या हातचें नाहीं. तें आपलें आहे. मुंबईहून मुलगा खंगून, कर्जबाजारी होऊन, नजर चुकवीत परत आला, तर त्याची चर्चा बाजारांत होण्यापूर्वीं त्यास घरांत जेवावयास वाढा. मग त्यास उपचाराकडे न्या; एकट्यास धाडूं नका, सोबत जा. व्यसनाविषयींच्या सल्ल्यासाठीं १४४४६ व एड्सविषयीं १०९७ हे सरकारी दूरध्वनि क्रमांक आहेत. स्वेच्छेनें उपचार घेऊं इच्छिणाऱ्या व्यसनीस १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यांतील ६४-अ या कलमानें ठराविक मर्यादेंत खटल्यापासून संरक्षण मिळतें. २०१७ च्या एच्. आय्. व्ही. व एड्स कायद्यान्वयें संमतीवांचून चाचणी करतां येत नाहीं व तिचा निकाल गुप्त ठेवावा लागतो. संसर्ग निघालाच, तरी २००४ पासून सरकारी केंद्रांतून औषधें विनामूल्य मिळतात, आणि तीं नियमित घेणारा मनुष्य दीर्घकाल कामधंदा करून जगूं शकतो. नियमितपणा मात्र हवा. आणि येथें आपली घरगुती दारूही निष्पाप नाहीं, कारण ती सावधपणाही घालविते व औषधाची वेळही चुकविते.

मातांस माझी विशेष विनंति आहे. पुष्कळदां घरांत सर्वांआधीं तुम्हांस कळतें, आणि सर्वांत उशीरा तुम्ही बोलतां. तें ओझें एकट्यानें वाहूं नका. धर्मगुरूंच्या घराचें दार त्यासाठींच आहे, आणि तेथें सांगितलेली गोष्ट तेथेंच राहील.

दयाघन प्रभु आपल्या या धर्मग्रामास परत येणाऱ्यांसाठीं जागा ठेवण्याची बुद्धि देवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.