पेशींची पकड

यवतमाळ जिल्ह्यांतील ढाणकीच्या शिवारांत कापूस वेंचणाऱ्या बाईला एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं. कोवळ्या बोंडांतून कापूस ओढूनहि निघत नाहीं; उकललेल्या बोंडांतून तो चिमटीनें येतो. फरक पकडीचा. कर्करोग शरीरांत कसा पसरतो, हें समजून घेतांना हीच पकड ध्यानांत ठेवावी.

तोंडाच्या अस्तरांतील पेशी भिंतींतील विटांप्रमाणें एकमेकींस चिकटून असतात. १९४४ सालीं डेल कोमन या अमेरिकन शास्त्रज्ञानें अशा पेशींच्या जोड्या सूक्ष्म सुयांनीं ओढून पाहिल्या. निरोगी पेशी अलग करण्यास पुष्कळ जोर लागला; कर्करोगाच्या पेशी थोड्याच ओढीनें सुटल्या. पुढें जपानांत मासातोशी ताकेइची यांनीं पेशींच्या पृष्ठभागावरील कॅडहेरिन हें प्रथिन शोधलें. कॅल्शियम असेल तरच तें शेजारच्या पेशीवरील आपल्या जोडीदारास धरतें. अनेक मुखकर्करोगांत या प्रथिनाचा एक प्रकार उणावलेला आढळतो.

कोमन यांचा निबंध ज्या नियतकालिकांत आला, त्यांतच त्याच वर्षीं मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं मुखकर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. तंबाखू व सुपारी चघळण्याची संवय हें आपल्याकडे या रोगाचें मोठें कारण आहे. विदर्भांत हीच संवय खऱ्र्याच्या रूपानें घरोघर दिसते.

सुटलेली प्रत्येक पेशी मात्र दुसरीकडे रुजत नाहीं. तिला ऊतींतून वाट काढून लसिकावाहिनींत किंवा रक्तांत शिरावें लागतें. बहुतेक पेशी वाटेंतच मरतात. कांहीं तर एकमेकींस धरून थव्यानेंच निघतात. शिवाय जमीनहि मानवावी लागते, हा विचार लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनीं १८८९ मध्यें मांडला. सरकी खडकावर पडली तर पऱ्हाटी उगवत नाहीं. मुखकर्करोगाला बहुधा प्रथम मानवते ती मानेंतील लसिकाग्रंथींची जमीन. आणि रोग तेथवर पोंचला कीं वांचण्याची आशा सामान्यतः सुमारें निम्म्यावर येते.

म्हणून पकड सुटण्यापूर्वींचा काळ मोलाचा. आरंभींची जखम बहुधा दुखत नाहीं, आणि तेथेंच घात होतो. गांवाकडील वडीलधारी मंडळी भेटतील तेव्हां प्रेमानें विचारा. तोंडांतील जखम दोनतीन आठवड्यांत भरली नाहीं, पांढरा वा तांबडा चट्टा दिसला, तोंड उघडेनासें झालें किंवा मानेंत टणक गांठ लागली, तर क्षणभर थांबूं नका. ढाणकीकरांस यवतमाळ व नांदेड या दोन्ही ठिकाणीं वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत. तेथवरचा प्रवास वेळेवर झाला, तर पेशींचा प्रवास थांबवितां येतो.