जिथली वस्तू तिथे

(साक्षरता वर्गाच्या सभेत एका शेतकरी भगिनीने केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही. गुरुजी म्हणाले, "भाषण नको. घरात जे केलंत तेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. मी आमच्या घरातल्या पसाऱ्याची गोष्ट सांगणार आहे. काहींना हसू येईल. खुशाल हसा. पण घरी गेल्यावर आपल्या फळीकडे एकदा नीट बघा.

आमचे घर तीन खणांचे. माणसे सहा. सासूबाई, मालक, मी आणि तीन मुले. घर लहान, पण सामान मात्र दहा घरांचे! खताची रिकामी पोती. फुटकी बादली. मोडकी खुर्ची. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे बोचके. टाकायला काढले की कोणीतरी म्हणे, "असू दे. लागेल कधीतरी." ती कधीतरीची वेळ काही येत नसे.

अंथरुणे कोपऱ्यात. कपडे दोरीवर. दोरी भरली की खुर्चीवर. विळा सापडला तर खुरपे सापडत नसे. मुलाची वही शोधता शोधता शाळेची घंटा होई. सकाळी घरात रोज भांडण. मी मुलांवर ओरडे. मालक माझ्यावर ओरडत. सासूबाई दोघांवर!

मग ती रात्र आली.

पावसाळ्याचे दिवस होते. वीज गेली होती. सासूबाई भाकरी करायला बसल्या. चिमणीच्या उजेडात त्यांनी फळीवरचा डबा काढला. पीठ परातीत घेतले, पाणी घातले आणि मळायला सुरुवात केली. आमची धाकटी शेजारी बसली होती. ती एकदम म्हणाली, "आज्जी, पिठाला शेतातल्या औषधाचा वास येतोय."

मी परात ओढून घेतली. वास घेतला. पोर खरे बोलत होती.

झाले होते असे. कीड मारायची पावडर थोडी उरली होती. पुडा फाटला म्हणून मालकांनी ती पिठाच्या रिकाम्या डब्यात ओतली. खाली तळाशी थोडे पीठ होतेच. डबा फळीवर ठेवला. शेजारी तसाच दुसरा डबा. त्यात भाकरीचे पीठ. दोन्ही डबे सारखे. दोन्हींची झाकणे सारखी.

सासूबाईंचे हात साबण लावून पुन्हा पुन्हा धुतले. गोळा उकिरड्यावर टाकला. घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. खड्डा करून पुरायला हवा होता. सकाळी उकिरड्याजवळ दोन कोंबड्या मरून पडल्या होत्या.

कोंबड्यांकडे बघून सासूबाई मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "माझ्या हातानं सगळं घर गेलं असतं गं."

दोष त्यांचा नव्हता. दोष एकट्या मालकांचाही नव्हता. आमच्या घरात कोणत्याच वस्तूला जागा नव्हती, तो दोष सगळ्यांचा होता.

एका दिवसाची सफाई

मी दुसऱ्याच दिवशी पदर खोचला. सगळे घर अंगणात काढले. झाडले, सारवले, पुसले. रात्री पाठ मोडून आली. घर मात्र दिवाळीसारखे दिसत होते. पंधरा दिवसांनी पाहते तर पुन्हा तोच पसारा.

तेव्हा माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. आपण एकदम पोटभर जेवलो म्हणून महिनाभर पुरत नाही. रोज जेवावे लागते. घराचेही तसेच आहे. एक दिवस मरमर करून घर नीट राहत नाही. रोज थोडे करावे लागते आणि ते ठरल्या वेळी करावे लागते.

आधी जागा ठरवा

पूर्वीची घरे आठवा. मडक्यांची उतरंड असे. दुधातुपाला शिंके असे. दिव्याला कोनाडा असे. पागोटे खुंटीवर आणि विळा आढ्याला खोचलेला. अंधारातही हात बरोबर जागेवर जाई. वस्तू थोड्या होत्या आणि प्रत्येकीची जागा ठरलेली होती. आता वस्तू वाढल्या आणि जागा ठरवायच्या राहून गेल्या.

आम्ही पाच जागा ठरवल्या.

पहिली जागा विषाची. घरात नाहीच. गोठ्याशेजारच्या खोलीत उंचावर एक पेटी ठोकली. तिला कुलूप. किल्ली मालकांच्या करगोट्याला. औषध ज्या डब्यातून आले त्याच डब्यात राहील. सरबताच्या बाटलीत नाही, पिठाच्या डब्यात नाही. रिकामा डबा धुऊनसुद्धा घरात वापरायचा नाही.

बंधूंनो, विकतच्या कीडनाशकाच्या डब्यावर एक चौकोन छापलेला असतो. तो टोकावर उभा असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. लाल असेल तर विष अति जहाल. पिवळा असेल तर जहाल. निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्याहून कमी. पण कमी झाले तरी ते विषच. ते चुकून कोणाच्या पोटात गेले तर घरी उपाय करत बसू नका. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. 108 या क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा. दवाखान्यात जाताना तो डबा बरोबर न्या. डबा पाहून डॉक्टरांना विष कळते.

दुसरी जागा कागदांची. एक पत्र्याची पेटी घेतली. सातबारा, रेशनकार्ड, आधार कार्डे, बँकेचे पासबुक, मुलांचे जन्माचे दाखले, पीकविम्याची पावती, सगळे तिच्यात. एकदा मालक आजारी पडले होते. दवाखान्यात रेशनकार्ड मागितले. ते शोधायला मी घरी आले आणि अर्धा दिवस गेला. कार्ड गोधडीखाली सापडले. आता कागद पेटीतून काढला की काम झाल्यावर त्याच दिवशी पेटीत जातो.

तिसरी जागा अवजारांची. विळा, खुरपे, कुऱ्हाड यांना भिंतीवर खुंट्या. हे काम मालकांचे.

चौथी जागा मुलांची. प्रत्येकाला एक खुंटी. दप्तर तिथेच. खालच्या खुंट्या धाकटीच्या हाताला येतील इतक्या खाली मारल्या. खुंटी उंच असली की दप्तर जमिनीवर येते.

पाचवी जागा "लागेल कधीतरी"ची. हसू नका. एक पोते ठेवले. मोडकी, जुनी वस्तू त्यात टाकायची. एक वर्षात लागली तर लागली. नाही लागली तर दिवाळीच्या आधी भंगारवाल्याला द्यायची. सासूबाईंच्या लग्नातले हंडे मात्र पोत्यात टाकले नाही. ते घासून देवाजवळ ठेवले. आठवण आणि अडगळ यात फरक आहे.

मग वेळ ठरवा

वेळ कोणालाच नसतो. मलाही नव्हता. म्हणून मी नवे काम जुन्या कामाला बांधले. वासरू गाईमागे आपोआप चालते, तसे.

सकाळी चहाचे आधण उकळेपर्यंत अंथरुणे. ज्याने त्याने आपली गोधडी झटकायची, घडी करायची. झटकायची हे महत्त्वाचे. गोधडीत विंचू बसलेला असू शकतो.

जेवणे झाल्यावर आपले ताट आपण उचलायचे. मालकांनीसुद्धा. पहिले आठ दिवस ते विसरत. धाकटी आठवण करून देई, "बाबा, ताट!" पोरीपुढे त्यांचे काही चालेना.

रात्री दिवा मालवण्याआधी सगळ्यांनी मिळून एक फेरी मारायची. एक गाणे संपायला लागतो तेवढाच वेळ. जमिनीवर जे पडले असेल ते उचलायचे आणि त्याच्या जागी ठेवायचे. उष्टी भांडी रात्री ठेवायची नाहीत. उष्ट्यावर झुरळ येते, उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. मण्यार रात्रीच हिंडते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते आणि पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. म्हणून सरपण आणि शेणी घराच्या भिंतीला लावून रचू नका. खाटेवर निजा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. लगेच दवाखाना गाठा.

आठवड्याचा एक दिवस पाण्याचा. आमचा बाजार सोमवारी असतो. म्हणून रविवारी रांजण, हौद आणि बादल्या रिकाम्या करतो. नुसते रिकामे करून भागत नाही. आतून खसाखसा घासायचे. डेंग्यूचा डास घाण पाण्यात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून राहतात. ती कोरडी पडली तरी पुष्कळ दिवस जगतात. पाणी आले की त्यांतून अळ्या निघतात. अंड्याचा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याच्या आत घासले की त्याची साखळी तुटते. अंगणातल्या फुटक्या बादलीत, टायरात, करवंटीत पाणी साचले तर तेही उपडे करा.

महिन्याचा एक दिवस फळीचा. आमच्याकडे अमावस्येला औत धरत नाहीत. मालक घरी असतात. त्या दिवशी सगळे डबे खाली काढतो, पुसतो, धान्याला ऊन देतो.

एवढेच. याहून जास्त काही नाही. एखादा दिवस चुकतो. पाहुणे येतात, सुगी असते, कोणी आजारी असते. चुकला तर चुकू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. चुकले म्हणून सोडून मात्र देऊ नका.

घर कोणाचे?

कोणी म्हणेल, "ही तर बायकांची कामे." मी विचारते, घरात राहतात कोण? एकट्या बायका? गाडगेबाबा कोण होते? 1876 साली विदर्भात शेंडगावला त्यांचा जन्म झाला. 1956 साली ते गेले. ते गावात आले की आधी हातात खराटा घेत आणि गाव झाडत. रात्री कीर्तन करत. एवढ्या थोर पुरुषाला झाडताना लाज वाटली नाही. मग आपल्याला आपले घर झाडताना कसली लाज?

सहा माणसांचा पसारा एक बाई आवरू लागली तर तिचा जन्म त्यातच जाईल. सहा जणांनी आपापला आवरला तर एकीवर काहीच भार राहत नाही. माझे ओरडणे यामुळेच थांबले. घरात वस्तू वेळेला सापडतात, म्हणून सकाळची भांडणेही गेली.

पहिला शब्द

आता शेवटची गोष्ट सांगते आणि बसते.

ती रात्र झाली तेव्हा मी या वर्गात नुकतीच येऊ लागले होते. पाटीवर कमळ, घर, नमन असे लिहीत होते. अक्षरांचा घरात काय उपयोग, ते मला कळले नव्हते. कोंबड्या मेल्या त्या दिवशी कळले.

आपण शेतातल्या विषाला "औषध" म्हणतो. तापाची गोळी तेही औषध आणि कीड मारायची पावडर तेही औषध! एकाच नावाने जगवणारी वस्तूही हाक मारतो आणि मारणारीही. मी गुरुजींना विचारले, "विष कसं लिहायचं?" त्यांनी फळ्यावर लिहून दाखवले. मी दहा वेळा गिरवले. घरी जाऊन कुलुपाच्या पेटीवर लाल रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिले, "विष". घरात मी लिहिलेला तो पहिला शब्द.

सासूबाई आधी रागावल्या होत्या. "हे घर आहे का हापीस?" असे म्हणाल्या होत्या. पण त्या पेटीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवले. मग मला विचारले,

"पोरी, आणि पीठ कसं लिहितात?"

मी पिठाच्या डब्यावर लिहून दाखवले. मग मीठ लिहिले. मग साखर, डाळ, हळद. आज आमच्या फळीवरच्या प्रत्येक डब्यावर नाव आहे. निम्मी नावे सासूबाईंच्या हातची आहेत. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते.

त्या आज इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत. वर्गातही त्यांनी आपली जागा ठरवून घेतली आहे. तिथे दुसरे कोणी बसले तर उठवतात!

बहिणींनो, बंधूंनो, आज घरी गेल्यावर सगळे घर उपसू नका. फक्त फळीपाशी जा. विष कुठे आहे ते बघा. ते बाहेर काढा, उंचावर कुलुपात ठेवा आणि वर त्याचे नाव लिहा. बाकीचे उद्या.